उंबऱ्यावरचं माप

ज्या माणसाचं चरित्र मी गेल्या दिवाळीनंतर मराठीत आणलं, तो मला पहिल्या प्रकरणातच आवडेनासा झाला आणि तिसऱ्यापासून त्याची किळस यायला लागली. भाषांतर करणाऱ्याने असं बोलू नये, हे मला कळतं. पण मी जन्मभर धारवाडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवलं. उत्तरपत्रिकेत खोटं वाक्य दिसलं की लाल रेघ मारायची, ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही.

काम पुण्याच्या एका माणसाकडून आलं होतं. तो मला अधूनमधून भाषांतरं पाठवतो, बहुतेक औषधांच्या आणि यंत्रांच्या माहितीची. या खेपेला पुस्तक होतं. अमेरिकेत मॉर्मन म्हणून एक पंथ आहे, त्याच्या अगदी सुरुवातीच्या पुढाऱ्यांपैकी एकाचं चरित्र. लिहिणारा त्याच पुढाऱ्याचा कुणी खापरपणतू, आणि खापरपणजोबांची थोरवी जगातल्या जमेल तेवढ्या भाषांत पोचावी ही त्याची हौस. धारवाडच्या माळमड्डीतल्या माझ्या दोन खोल्यांत ती थोरवी अशी येऊन पोचली.

माणूस कर्तबगार होता, हे मी नाकारत नाही. गरीब शेतकऱ्याचा मुलगा, शाळा जेमतेम, हातात सुतारकाम. तरुणपणी पंथात शिरला आणि मग मागे वळून पाहिलं नाही. आजूबाजूच्या गावकऱ्यांनी या लोकांची घरं जाळली, त्यांना हाकलून लावलं, ते सगळं वाचताना मला त्या लोकांबद्दल खरोखर वाईट वाटलं. बायकापोरं गाड्यांत घालून ते थंडीवाऱ्यात महिनोन्‌महिने चालत राहिले. वाटेत माणसं मेली, त्यांना तिथेच पुरून पुढे गेले. शेवटी एका खाऱ्या सरोवराजवळच्या ओसाड जमिनीवर थांबले आणि तिथे त्यांनी शहर उभं केलं. या पुढाऱ्याने डोंगरातून पाट काढले, रस्ते आखले, गिरण्या घातल्या. पाटांवर एक अख्खं प्रकरण आहे. पाण्याला उतार किती द्यावा याचा त्याने किती बारकाईने विचार केला, ते मी दोन दिवस बसून भाषांतरित केलं.

आणि त्याच्या बायकांवर एक परिच्छेद.

बायका बऱ्याच होत्या. त्या काळात त्या पंथाच्या पुढाऱ्यांनी एकापेक्षा जास्त लग्नं करणं हे धर्माचं काम मानलं जाई. पुढे पंथाने ती चाल सोडली, आज कुणी तसं केलं तर त्याला बाहेर काढतात, हेही खापरपणतूने प्रामाणिकपणे लिहिलंय. पण खापरपणजोबांच्या घराबद्दल त्याचं वाक्य असं: त्यांच्या सर्व पत्नी सख्ख्या बहिणींप्रमाणे एकदिलाने राहत. हे वाक्य मी टाइप केलं आणि उठून चूळ भरली. तोंडात काहीतरी गुळमट राहिल्यासारखं वाटत होतं. मला सख्ख्या बहिणी आहेत. त्यांतली कुठलीही दोन दिवसांवर माझ्याकडे राहू शकत नाही.

पहिल्याच बायकोची गोष्ट घ्या. ती बाळंतीण होती, अंगात ताप होता, घरात पीठ नव्हतं, आणि हा समुद्रापलीकडे धर्म सांगायला निघाला. वर्षं गेली तिकडे. चरित्रकार म्हणतो, केवढा हा त्याग. कुणाचा, ते सांगायला तो विसरला. बाई शेजाऱ्यांचे कपडे शिवून पोरं जगवत होती, ते एका तळटिपेत आलंय, तेही नवऱ्याने परत आल्यावर तिच्या काटकसरीचं कौतुक केलं म्हणून.

मी हे पुस्तक टाकूनच देणार होते. तेवढ्यात आत्या आली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय ऐंशीच्या पुढे, हुबळीला अण्णाकडे असते. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन धारवाडच्या डॉक्टरांकडे झालं होतं, आणि अण्णाच्या घराला तेव्हा रंग चालला होता, धूळ डोळ्यात जाईल म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. काळा चष्मा, वेळच्या वेळी थेंब, खाली वाकायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. अशा बाईनं दिवसभर करायचं काय? मग दुपारी मी तिला माझं भाषांतर वाचून दाखवायला लागले.

हा अण्णा आत्याचा मुलगा, पण तिच्या पोटचा नव्हे. आत्याच्या यजमानांना सगळी हुबळी सर म्हणायची. घरातही त्यांना सरच म्हणत, आत्यासुद्धा. त्यांनी शाळा काढली, नावारूपाला आणली, अर्ध्या गावाला शिकवलं. आत्याला मूल झालं नाही म्हणून त्यांनी दुसरी बायको केली. कायदा तेव्हाही होता. पण तक्रार कोण करणार, आणि सरांविरुद्ध कुणाकडे करणार? दुसरीला अण्णा झाला. पुढे ती लवकर वारली आणि अण्णाला आत्यानंच वाढवलं. तो तिला मोठ्याई म्हणतो. आज तो हुबळीच्या कोर्टातला जुना वकील आहे, स्वतः आजोबा झालाय, आणि अजून घरात शिरला की आधी मोठ्याई कुठाय म्हणून विचारतो. त्याच्या प्रेमात खोट नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे मला त्याचाही राग येणार आहे.

सर जाऊन काही वर्षं झाली होती. यंदा त्यांची जन्मशताब्दी. अण्णानं मोठा घाट घातला होता: हुबळीत कार्यक्रम, निवृत्त न्यायाधीश पाहुणे, आणि सरांवर एक गौरवग्रंथ. त्यातला सरांच्या घरगुती आयुष्यावरचा लेख मी लिहावा, असं ठरलं होतं. तू लिहिणारी आहेस आणि घरचीही आहेस, अण्णा म्हणाला. मजकुराची दिशाही त्यानं सांगून ठेवली होती. सरांचं दुसरं लग्न हा अवघड विषय आहे, लोक कुजबुजतात, तेव्हा खरी हकीकत एकदा छापून यावी. खरी हकीकत अशी की मोठ्याईनंच पुढाकार घेतला. सर तयार नव्हते, तिनं त्यांना गळ घातली, स्वतः मुलगी पसंत केली, आणि नवी नवरी दारात आली तेव्हा उंबऱ्यावर तांदळाचं माप तिनंच आपल्या हातानं ठेवलं.

मापाचं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरात ही गोष्ट लग्नकार्यात हटकून निघायची. नवी नवरी घरात शिरताना उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवतात, ती ते पायानं हलकेच लवंडून आत येते. ते भरून ठेवायचं काम सासूचं. सरांची आई नव्हती, म्हणून आत्यानं ठेवलं. सवतीसाठी माप भरणारी बाई, म्हणून बायका आत्याकडे बघून डोळ्याला पदर लावायच्या. मीही लहानपणी लावला असेल. आत्या त्या वेळी नेहमी स्वयंपाकघरात काहीतरी बघायला निघून जायची.

तर त्या दुपारी आत्या पलंगावर, भिंतीला टेकून, काळ्या चष्म्यात, आणि मी समोर खुर्चीवर. पुढाऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची हकीकत आली होती. त्या पंथात असं लग्न करायचं तर पहिल्या बायकोची परवानगी मागायची रीत होती. लग्न लागताना ती नवऱ्याच्या आणि नव्या मुलीच्या मधे उभी राहायची, मुलीचा उजवा हात धरायची आणि नवऱ्याच्या हातात द्यायची. आणि ती नाही म्हणाली तर? तर देवाची आज्ञा तिनं मोडली असं धरून नवरा मोकळा. या पुढाऱ्याची पहिली बायको मात्र आनंदानं हो म्हणाली, असं खापरपणतू लिहितो. आनंदाश्रूंनी तिचे डोळे भरून आले होते, असंही लिहितो.

मी वाचता वाचता हातातले कागद मांडीवर आपटले आणि नाही नाही ते बोलले. नकार दिला तरी चालायचं होतं तर विचारायचं सोंग कशाला? बाईच्या हातून करवून घ्यायचं आणि मग तिनंच केलं म्हणायचं. माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

आत्या म्हणाली, "म्हणजे त्यांच्यात विचारायचे तरी."

मला वाटलं, ती चेष्टा करतेय. पण ती हसत नव्हती. तिनं विचारलं की त्या बाईनं हो म्हटलं हे त्या लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं. मी म्हटलं, घरात तशी गोष्ट चालत आली असेल. आत्या म्हणाली, होय, तशी गोष्ट चालत येते. आणि मग तिनं मला तो दिवस सांगितला. सांगताना तिचा चेहरा खिडकीकडे होता.

आदल्या दिवशी सर म्हणाले होते, उद्या दुपारी चार माणसं जेवायला आहेत, शेवयाची खीर कर. तिनं सकाळपासून स्वयंपाक केला. सर पहाटेच बाहेर गेले होते, कुठं ते तिला ठाऊक नव्हतं. खीर चुलीवर होती तेव्हा दारात मोटार थांबली, माणसांचे आवाज आले. ती हात पुसत बाहेर यायला निघाली. तेवढ्यात सरांनी अंगणातूनच तिला सांगितलं, "माप आण."

तिला आधी कळलं नाही. माप कशाला, म्हणून तिनं दारातून पाहिलं. सरांच्या मागे एक मुलगी होती, हिरव्या साडीत, बाशिंग बांधलेली. कलघटगीकडच्या कुठल्याशा देवळात लग्न लावून आले होते. तेव्हा आत्याला कळलं. ती आत गेली, डब्यातून तांदूळ काढले, माप भरलं आणि आणून उंबऱ्यावर ठेवलं. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही. अंगणात चार माणसं उभी होती आणि सगळी तिच्याकडे बघत होती.

"त्या चौघांत बाबाही होते," आत्या म्हणाली.

बाबा म्हणजे तिचे वडील. माझे आजोबा. मला मांडीवर घेऊन पाढे शिकवणारे, रोज संध्याकाळी माझ्यासाठी खिशातून खडीसाखर काढणारे माझे आजोबा. त्यांना आधीपासून माहीत होतं. ते लग्नाला होते. मुलीच्या दारात उभे राहून त्यांनी तिला माप ठेवताना पाहिलं, मग पाटावर बसले, खीर मागून घेतली आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, शहाणी आहेस.

मी उठून मोरीत जाऊन उभी राहिले. अमेरिकेतल्या त्या दाढीवाल्यावर मी महिनाभर तोंडसुख घेत होते. इथे खीर खाणारा माझ्याच घरचा होता, आणि त्याच्या खडीसाखरेची चव मला अजून आठवते. त्या दिवसानंतर मी ती तोंडात घातलेली नाही.

परत आल्यावर मी आत्याला म्हटलं, मी आजच अण्णाला फोन करते. तिनं हात वर केला. नको म्हणाली. ती मुलगीही बिचारी वयानं केवढी होती, तिलाही कुणी विचारलं नव्हतं, पहिली रात्र तिनं माझ्या कुशीत रडून काढली. अण्णाची आई आहे ती. त्याला तिच्याबद्दल काही ऐकायला लागू नये.

"मग ते तसंच छापायचं?" मी विचारलं.

"छापायचं नाही," आत्या म्हणाली. "मी आनंदानं केलं असं छापू देऊ नकोस. मी मेल्यावर तेवढंच उरेल. पण काय झालं ते तू सांगायचं नाहीस. त्यानं मला विचारलं तर मी सांगीन की. इतकी वर्षं झाली, एकदाही विचारलं नाही त्यानं."

दुसऱ्या दिवशी मी हुबळी-धारवाड धावणाऱ्या चिगरी बसनं हुबळीला गेले. अण्णाच्या ऑफिसात अशील बसले होते, त्यांच्यासमोरच मी सांगितलं की हा लेख मी लिहिणार नाही, आणि ते वाक्य कुणीच लिहू नये. त्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, ते खोटं आहे. तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला, साक्षीदाराशी बोलतात तसा. अगं, हे मला खुद्द सरांनी सांगितलंय. यात मोठ्याईचाच मान आहे. नाहीतर लोक काय म्हणतील, सरांनी तिच्यावर सवत आणली. मी म्हटलं, आणलीच होती. त्याचा चेहरा पडला. मी एवढंच म्हणाले की मोठ्याईला विचार. तो म्हणाला, या वयात तिला त्या आठवणी काढून त्रास कशाला द्यायचा?

हे वाक्य मी पुष्कळ घरांत ऐकलं आहे. त्रास होईल म्हणून न विचारणारी माणसं स्वतःच्या त्रासाची किती काळजी घेतात, ते मला आता कळायला लागलंय.

लेख मी लिहिला नाही. सरांच्या शाळेतल्या एका निवृत्त मास्तरांनी तो एका बैठकीत लिहून दिला. वाक्य होतंच, शिवाय आनंदाश्रूही होते. ते कुठून आले कोण जाणे. जगातल्या सगळ्या गौरवग्रंथांना आनंदाश्रू पुरवणारी एकच विहीर असावी.

मी घरी येऊन माझं काम पुढे रेटलं. त्या पुढाऱ्याच्या म्हातारपणाचं प्रकरण होतं. सरकारने अशा लग्नांविरुद्ध कायदा केला, पोलीस मागे लागले, आणि हा देवाचा माणूस रात्री एका बायकोच्या घरातून दुसऱ्या बायकोच्या घरात लपत फिरला. दार ठोठावलं की बायकांनी खोटं बोलायचं. मग तो गेला, मोठी अंत्ययात्रा निघाली. पहिल्या बायकोच्या थडग्यावर तिच्या नावाखाली लिहिलंय की ही अमुक यांची निष्ठावान पत्नी होती. मी ते सगळं जसंच्या तसं मराठीत आणलं. आनंदानं होकार दिला, हेही आणलं. भाषांतर करणाऱ्याला खोटं वाक्यसुद्धा खरंखरं उतरवावं लागतं, हा या धंद्यातला सगळ्यात घाण भाग आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी अण्णा स्वतः गाडी घेऊन आत्याला न्यायला आला. नवी साडी आणली होती, मोतिया रंगाची. मला वाटलं, आत्या जायला नाही म्हणेल. डोळ्यांचं निमित्त तयार होतं. पण तिनं साडी नेसली, काळा चष्मा घातला आणि माझा हात धरून गाडीत बसली. मी मागे तिच्याशेजारी. माझा तिळपापड झाला होता, आणि तो लपवायचा मी मुळीच प्रयत्न केला नाही. अण्णा आरशातून बघायचा आणि नजर परत रस्त्याकडे वळवायचा.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर सरांचा हार घातलेला मोठा फोटो, न्यायाधीश, त्यांच्या पत्नी, अण्णा आणि मधल्या खुर्चीत आत्या. मी पहिल्या रांगेत. एकेक जण उठून सरांचे गुण सांगत होता, कुणी मराठीत, कुणी कानडीत. मग ते मास्तर उभे राहिले आणि त्यांनी आपला लेखच वाचायला घेतला. गळ घातली, मुलगी पसंत केली, माप ठेवलं, आनंदाश्रू. टाळ्या पडल्या. आत्या काळ्या चष्म्याआडून समोर बघत होती. तिला तेव्हा पहिल्या रांगेपलीकडचं दिसत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

आणि मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी जाहीर केलं की आपण आज एक पुरोगामी पाऊल उचलतो आहोत. विधवेची ओटी भरत नाहीत, पण ज्या माउलीनं सवतीसाठी माप भरलं तिची ओटी आज पाहुण्यांच्या पत्नींच्या हस्ते भरली जाईल. न्यायाधीशांच्या पत्नी उठल्या. साध्या, चांगल्या बाई असाव्यात. त्यांच्यापुढे ताट धरलं होतं, त्यात नारळ, खण आणि तांदूळ. त्यांनी ओंजळ भरून तांदूळ घेतले आणि आत्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

आत्या उठली. पण तिनं पदर पुढे केला नाही. हात जोडून उभी राहिली. बाई तांदूळ धरून थांबल्या, त्यांच्या बोटांतून चार दाणे खाली पडले. सूत्रसंचालिकेनं हळूच सांगितलं, आजी, पदर. तिच्या हातातला माइक आत्याच्या तोंडाजवळच होता.

"साकु," आत्या म्हणाली. पुरे. "तांदूळ मी एकदा भरलेत. मला कुणी विचारलं नव्हतं." मग समोरच्या बाईंना मराठी येत नसेल असं वाटून की काय, त्यांच्याकडे वळून कानडीतही तेच म्हणाली, "नन्न यारू केळलिल्ल."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. आता कळेल, मला वाटलं. एवढ्या शिकलेल्या माणसांत एकाला तरी कळेल.

सूत्रसंचालिका माइक आपल्याकडे ओढून म्हणाली, पाहा, केवढा हा विनय. कुणी न विचारता, कुणी न सांगता या माउलीनं एवढं केलं. आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागची माणसं उठून उभी राहिली. न्यायाधीशांच्या पत्नींनी डोळे पुसत ओंजळीतले तांदूळ परत ताटात ठेवले आणि आत्याला वाकून नमस्कार केला. मास्तर तर दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते. माझ्या उभ्या आयुष्यात मला माणसांची एवढी शिसारी आली नव्हती. त्या अमेरिकन पुढाऱ्याची बायको ओरडून नाही म्हणाली असती, तरी खापरपणतूला ते आनंदाश्रूंसारखंच ऐकू आलं असतं, हे मला तिथे उमगलं.

फक्त अण्णाचे हात मांडीवर होते. तो टाळ्या वाजवत नव्हता. खाली पडलेल्या त्या चार दाण्यांकडे बघत होता.

जेवणं झाली, फोटो झाले. आम्ही धारवाडला परत निघालो. गौरवग्रंथाच्या प्रती मागे डिकीत होत्या, गाडी वळली की सरकत होत्या. उणकल गेलं, नवनगर गेलं. नवलूरजवळ रस्त्याकडेला पेरूच्या टोपल्या लावून बायका बसल्या होत्या. आत्याला पेरू आवडतात म्हणून अण्णा तिथे नेहमी थांबतो. आजही थांबला. पण खाली उतरला नाही. स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. पेरूवाली खिडकीशी आली, थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली.

"मोठ्याई," मागे न बघता तो म्हणाला, "त्या दिवशी काय झालं होतं?"

आत्यानं काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी बाहेर काढू नका म्हणून बजावलं होतं. तिनं तो मिटून माझ्या हातात दिला आणि थोडी पुढे सरकली.

"आधी गाडी बंद कर," ती म्हणाली. "मी खीर ढवळत होते."